शेजारच्या पेशी का टिकतात? पार्किन्सन्सचे उलटे कोडे

मानवी मध्यमेंदू आडवा कापला, तर त्या चकतीवर दोन्ही बाजूंना बोटाने काजळ ओढल्यासारख्या दोन काळसर पट्ट्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वैद्यकात त्यांना ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ म्हणतात. या लॅटिन नावाचा शब्दशः अर्थ ‘काळा पदार्थ’ एवढाच आहे. ज्याला दीर्घकाळ पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडचा कंपवात, होता अशा माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या मध्यमेंदूची चकती पाहिली, तर हे काजळ पुसट झालेले असते. हा काळेपणा न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि ते साठवणाऱ्या, डोपामीन हे निरोप पोहोचवणारे रसायन बनवणाऱ्या चेतापेशी मेल्या की रंगही जातो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे पट्टी सगळीकडे सारखी फिकट झालेली नसते. तिच्या खालच्या, बाहेरच्या कडेला पेशी जवळपास उरलेल्याच नसतात. वरच्या थरात मात्र बऱ्याच शाबूत असतात. पट्टीच्या आतल्या अंगाला, अवघ्या काही मिलीमीटरवर, डोपामीन हेच रसायन तयार करणाऱ्या पेशींची आणखी एक वस्ती आहे. तिला संक्षेपाने ‘व्हीटीए’ म्हणतात. तिथे निम्म्याच्या आसपास पेशी अजून तग धरून असतात.

या आजाराचे पहिले नेमके वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये केले. ते सहा जणांच्या निरीक्षणावर आधारलेले होते आणि त्यांतले काही जण तर त्यांना केवळ रस्त्यात दिसलेले होते. काळ्या पट्टीचा या आजाराशी असलेला संबंध १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात दाखवला. पट्टीतल्या सगळ्या पेशी सारख्या मरत नाहीत, हे जर्मनीतील रोल्फ हासलर यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवले होते. पुढे १९६० मध्ये ओलेह होर्नीकिएविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामीनचा तुटवडा असल्याचे सिद्ध केले, लेव्होडोपा हे औषध आले आणि साहजिकच सगळे लक्ष त्या तुटवड्याकडे गेले. हासलर यांचे निरीक्षण काही दशके अडगळीत पडल्यासारखे झाले. माझ्या मते या आजारातला सर्वांत उपयोगी प्रश्न त्याच अडगळीत होता: या पेशी का मरतात हे विचारण्याऐवजी त्यांच्या शेजारणी का मरत नाहीत, असे विचारावे. मरणाऱ्या पेशीच्या अंगावर एकाच वेळी शंभर जखमा दिसतात आणि त्यांतली पहिली कोणती, हे ओळखता येत नाही. टिकणारी पेशी शेजारी ठेवली की निदान तुलनेला माप मिळते.

हा हिशेब किती लहान आकड्यांचा आहे, तेही ध्यानात घ्यावे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. काळ्या पट्टीतल्या डोपामीन पेशी दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण चार ते पाच लाख. एखाद्या मध्यम शहराच्या लोकसंख्येइतक्या या पेशी आहेत आणि चालणे, लिहिणे, सदऱ्याची गुंडी लावणे, चेहऱ्यावर हसू उमटणे या सगळ्या हालचालींची सुरुवात त्यांच्या पुरवठ्यावर अवलंबून असते.

१९८८ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी या पेशींची विभागवार मोजणी प्रसिद्ध केली. रुग्णांच्या काळ्या पट्टीतल्या सुमारे तीन चतुर्थांश रंगद्रव्यधारी पेशी नष्ट झालेल्या होत्या, व्हीटीएमधल्या निम्म्याच्या आसपास गेल्या होत्या, आणि मध्यमेंदूच्या मधोमध असलेल्या नळीभोवतीच्या करड्या भागात नुकसान जवळजवळ नव्हतेच. त्याहूनही बोलकी मोजणी लंडनमध्ये फर्नली आणि लीस यांनी १९९१ मध्ये केली. पार्किन्सन्स म्हणजे लवकर आलेले म्हातारपण, हा समज तेव्हाही होता आणि आजही घरोघरी ऐकू येतो. ‘वय झाले, हात थरथरायचेच’ असे म्हणून कितीतरी रुग्णांचे निदान वर्ष-दोन वर्षे लांबते. फर्नली आणि लीस यांनी निरोगी माणसांचे मेंदूही मोजले. वयाबरोबर काळ्या पट्टीतल्या पेशी कमी होतात, हे खरेच निघाले. ते प्रमाण दर दहा वर्षांमागे सुमारे ४.७ टक्के होते. परंतु वार्धक्याचा फटका सर्वांत जास्त बसत होता तो पट्टीच्या वरच्या थराला, दशकामागे ६.९ टक्के, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात तो केवळ २.१ टक्के होता. पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये नेमके उलटे चित्र होते. त्याच खालच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या ९१ टक्के पेशी गेलेल्या होत्या, तर वरच्या थरातल्या ५६ टक्के. म्हणजे म्हातारपणी ज्या पेशी सर्वांत चिवट ठरतात, त्याच या आजारात सर्वांत आधी कोसळतात. वय हा या आजारातला मोठा धोका आहे, यात शंका नाही; पण हा आजार म्हणजे वेगाने धावणारे वय नव्हे, हे या दोन आकड्यांच्या उलट्या क्रमावरून जितके स्पष्ट होते, तितके दुसऱ्या कशानेही होत नाही.

मग या कोपऱ्यातल्या पेशींचे वेगळेपण कशात आहे? डोपामीन तयार करणे हेच जर पाप असते, तर व्हीटीएतल्या पेशीही तशाच मेल्या असत्या. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये असलेल्या, प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर लगाम ठेवणाऱ्या डोपामीन पेशीही गेल्या असत्या. त्या मात्र पार्किन्सन्समध्ये बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. गंध ओळखणाऱ्या कंदात तर शवविच्छेदनाच्या अभ्यासांत डोपामीन पेशींची संख्या निरोगी माणसांपेक्षा वाढलेली आढळली आहे, आणि तरीही रुग्णांचा वास घेण्याचा गुण बहुधा थरथर सुरू होण्याच्या कितीतरी आधी हरवलेला असतो. रसायन तेच आहे. फरक आहे तो पेशीवर असलेल्या कामाच्या बोज्यात.

शेतीच्या विजेचा अनुभव असलेल्याला हे चटकन कळेल. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या दोन डीपी, म्हणजे शेतातले ट्रान्सफॉर्मर, आहेत. एकीवर आठ पंप आहेत आणि दुसरीवर पन्नास. उन्हाळ्यात कोणती जळेल, हे विचारावे लागत नाही. काळ्या पट्टीतली डोपामीन पेशी ही पन्नास पंपांची डीपी आहे. पेशीचा मूळ देह मध्यमेंदूत असतो, पण तिच्यातून निघालेला अक्षतंतू मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात जाऊन इतका फाटे फोडतो की त्याचे जाळे होते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरापेक्षा मोठ्या, घुशीएवढ्या प्रयोगशाळेतल्या रॅट या प्राण्यात एकेका पेशीचा तंतू अखेरपर्यंत मागोवा घेऊन मोजला. नखावर मावेल एवढ्या जागेत पसरलेल्या त्या जाळ्याची एकूण लांबी सरासरी ४७ सेंटिमीटरच्या आसपास भरली, आणि एका पेशीची तर ७८ सेंटिमीटरच्या घरात. माणसात अशी प्रत्यक्ष मोजणी शक्य नाही. मेंदूच्या आकारमानावरून केलेल्या अंदाजानुसार मात्र माणसाच्या एका पेशीचा तंतू चार मीटरहून लांब भरतो आणि तो १० ते २४ लाख ठिकाणी इतर पेशींशी संधान बांधतो. व्हीटीएतल्या पेशींचे जाळे याच्या तुलनेत कितीतरी लहान असते, आणि हायपोथॅलॅमसमधल्या पेशींचे तंतू तर आखूडच असतात.

या लाखो टोकांपर्यंत प्रथिने पोहोचवायची, प्रत्येक टोकाशी विद्युतभार राखायचा आणि तिथल्या झिजलेल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रे, परत आणून मोडीत काढायच्या, हे सगळे एका पेशीदेहाच्या जिवावर चालते. आनुवंशिक पार्किन्सन्समध्ये सापडलेल्या पार्किन आणि पिंक-१ या जनुकांचे काम याच खराब तंतुकणिकांना मोडीत काढण्याशी निगडित आहे, हा योगायोग नव्हे. मॉन्ट्रियलमधील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवले की काळ्या पट्टीतल्या पेशींच्या तंतुकणिका जवळपास पूर्ण ताकदीने चाललेल्या असतात. व्हीटीएतल्या पेशींकडे बरीच ऊर्जा-क्षमता शिल्लक असते. एका प्रथिनाचा वापर करून त्यांनी पहिल्या प्रकारच्या पेशींचे जाळे छाटून लहान केले, तेव्हा त्या पेशी विषाच्या माऱ्यापुढे अधिक टिकल्या. या विषयावरच्या प्रयोगांत मला हा सर्वांत पटणारा वाटतो, कारण त्यात पेशी बदललेली नाही, केवळ तिच्यावरचा भार कमी केलेला आहे.

दुसरा बोजा कॅल्शियमचा. काळ्या पट्टीतल्या पेशी कोणी हुकूम देण्याची वाट पाहत नाहीत. त्या घड्याळासारख्या आपोआप, सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा स्पंदन पावत राहतात. सेकंदाला तीन धरले, तर दिवसाला ही स्पंदने अडीच लाखांच्या पुढे जातात. आपले हृदयही दिवसाला एक लाखाच्या आसपासच ठोके देते. प्रत्येक स्पंदनाबरोबर एका विशिष्ट प्रकारच्या दारातून पेशीत कॅल्शियम शिरते. हे आत आलेले कॅल्शियम तंतुकणिकांना ‘तयार राहा, ऊर्जा लागणार आहे’ असा आगाऊ इशारा देते. सोय उत्तम आहे, परंतु तिची किंमत दुहेरी आहे. आत आलेले कॅल्शियम पुन्हा बाहेर उपसायला ऊर्जा लागते, आणि सतत उच्च वेगाने चालणाऱ्या तंतुकणिकांमधून हानिकारक ऑक्सिडंट रेणू धुरासारखे बाहेर पडत राहतात. व्हीटीएतल्या पेशीही आपोआप स्पंदन पावतात. मात्र त्यांत कॅल्शियमचा शिरकाव कमी असतो, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच पेशींकडे कॅल्बिंडिन हे कॅल्शियमला धरून ठेवणारे, स्पंजासारखे काम करणारे प्रथिन भरपूर असते.

कॅल्बिंडिनचे प्रकरण जरा सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण ‘हे असते तिथे पेशी टिकतात’ आणि ‘हे असल्यामुळे पेशी टिकतात’ या दोन विधानांत केवढे अंतर आहे ते त्यातून कळते. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या गटाने रुग्णांच्या काळ्या पट्टीचा नकाशाच काढला. कॅल्बिंडिनने भरलेल्या पार्श्वभूमीत, ते जवळपास नसलेली बेटे त्यांना दिसली. त्यांना ‘नायग्रोसोम’ असे नाव मिळाले. त्यांतल्या पहिल्या क्रमांकाच्या बेटावरच्या ९८ टक्के पेशी नष्ट झाल्या होत्या, तर कॅल्बिंडिन असलेल्या पार्श्वभूमीतल्या पेशी तुलनेने जास्त उरल्या होत्या. पुरावा इतका देखणा होता की गुन्हा उकलल्यासारखे वाटावे. पण त्याच्या दोन वर्षे आधीच, कॅल्बिंडिनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना डोपामीन पेशी मारणारे विष देऊन पाहिले गेले होते, आणि कॅल्बिंडिन नसल्याने त्या उंदरांच्या पेशी काही जास्त मेल्या नव्हत्या. म्हणजे कॅल्बिंडिन हा पहारेकरी नसून टिकणाऱ्या पेशींचा नुसता गणवेश असू शकतो, अशी शंका रास्त होती. पुढे २०१९ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात काळ्या पट्टीतल्या पेशींना मुद्दाम जास्तीचे कॅल्बिंडिन पुरवले गेले, तेव्हा त्यांचे त्याच विषापासून संरक्षण झाले. माझा निष्कर्ष असा की हा गणवेश घातलेला माणूस गरज पडली तर पहाराही देऊ शकतो. मात्र घर वाचते ते केवळ त्याच्या एकट्यामुळे, असे म्हणता येत नाही.

ज्या विषाचा वर उल्लेख आला, त्याची कथा या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे ताठर होऊन रुग्णालयात आले. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी माग काढला, तेव्हा चोरून बनवलेल्या हेरॉइनसदृश पदार्थात एमपीटीपी हे रसायन तयार झाल्याचे आढळले. मेंदूत गेल्यावर त्याचे रूपांतर होऊन जे विष बनते, ते डोपामीन परत आत ओढणाऱ्या पंपातून पेशीत शिरते आणि तंतुकणिका बंद पाडते. हा पंप काळ्या पट्टीच्या खालच्या थरातल्या पेशींवर जास्त असतो. टिकाऊ पेशींवर तो कमी असतो आणि आत आलेला माल पिशव्यांमध्ये सुरक्षित भरून ठेवणारी यंत्रणा त्या मानाने सबळ असते. एरवीही हे महत्त्वाचे आहे, कारण पिशवीबाहेर मोकळे राहिलेले डोपामीन स्वतःच ऑक्सिडाइज होऊन पेशीला पोळते. न्यूरोमेलॅनिन हे याच मोकळ्या डोपामीनपासून बनते. रॅट आणि उंदरांमध्ये ते जवळपास नसतेच. २०१९ मध्ये बार्सिलोनातील संशोधकांनी रॅटच्या पेशींना ते बनवायला लावले, तेव्हा साठा एका मर्यादेपलीकडे गेल्यावर त्या पेशी ढासळू लागल्या.

येथवरचे सगळे पुरावे जागेवरून पेशी ओळखण्यावर आधारलेले होते. २०२२ मध्ये अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाने मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमधल्या सुमारे २२,००० डोपामीन पेशींच्या केंद्रकांतील जनुकांची हालचाल एकेक करून वाचली. एकाच नावाखाली मोडणाऱ्या या पेशींचे दहा उपप्रकार निघाले. त्यांतला एक, ज्यात एजीटीआर-१ हे जनुक सक्रिय असते, पार्किन्सन्समध्ये ठळकपणे घटलेला होता, आणि तो वसलेला होता काळ्या पट्टीच्या खालच्या थरात, म्हणजे हासलर आणि लीस यांनी बोट ठेवलेल्या त्याच ठिकाणी. शिवाय पार्किन्सन्सचा आनुवंशिक धोका वाढवणारी जनुके याच उपप्रकारात जास्त कार्यरत होती. म्हणजे दोष बाहेरून येऊन योगायोगाने इथे आदळत नाही; जनुकांतली खोट नेमकी याच पेशींच्या दैनंदिन कामात आडवी येते. (एजीटीआर-१ हे रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे लक्ष्य असलेल्या ग्राहीचे जनुक आहे. त्यावरून कोणी आपल्या गोळ्या बदलण्याच्या भानगडीत पडू नये; त्या जनुकाचा इथला उपयोग आजतरी पेशी ओळखण्याची खूण एवढाच आहे.)

आणखी एक धागा मला लक्षणीय वाटतो. काही डोपामीन पेशी जोडीने ग्लुटामेट हे दुसरे रसायनही सोडतात आणि त्या तुलनेने टिकाऊ असतात. फळमाश्यांवरील प्रयोगांत माद्यांमध्ये या जोडकामासाठी लागणारे प्रथिन नरांपेक्षा जास्त आढळले, आणि ते कमी केल्यावर माद्यांचा टिकाऊपणाही घटला. पार्किन्सन्स पुरुषांना स्त्रियांच्या साधारण दीडपट प्रमाणात होतो. माशीवरून माणसावर उडी मारणे धोक्याचे आहे, परंतु दिशा विचार करायला लावणारी आहे.

‘टिकाऊ’ या शब्दाला मर्यादा आहे, हेही इथेच नोंदवायला हवे. व्हीटीएतल्या निम्म्या पेशी उरतात याचा अर्थ निम्म्या जातात, आणि रुग्णाची उमेद मावळणे, कशातच रस न वाटणे यांत त्या नुकसानीचाही वाटा असावा. लुई बॉडी, म्हणजे अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी, ज्या पेशींत दिसतात त्या सगळ्याच मरत नाहीत. उलट डोपामीनऐवजी नॉरॲड्रेनालिन सोडणाऱ्या लोकस सेरुलिअस या लहानशा केंद्रातल्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. त्यांचेही तंतू अतिशय लांब आणि फाटे फुटलेले असतात आणि त्याही आपोआप स्पंदन पावतात. बोज्याच्या कल्पनेला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

या सगळ्यातून औषध निघाले का, हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक विचारणारच. कॅल्शियमचे दार बंद करणारे इस्रॅडिपिन हे रक्तदाबाचे औषध उपलब्ध होते आणि उंदरांमध्ये त्याने पेशी वाचवल्या होत्या. अमेरिका आणि कॅनडातील ३३६ सुरुवातीच्या रुग्णांना ते किंवा त्याच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी ३६ महिने देण्यात आली. २०२० मध्ये निकाल आला: काहीही फरक नाही. मात्रा कमी पडली, नेमके दार पुरेसे बंद झाले नाही, की निदान होईपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असल्याने उशीरच झाला होता, यावर वाद आहे. मला त्यातून इतकेच दिसते की बोजे तीन-चार असताना एकच उतरवून भागत नाही.

दुसरा मार्ग नव्या पेशी बसवण्याचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडनमधील लुंड येथे आणि पुढे इतरत्र, भ्रूणाच्या मेंदूतील पेशी रुग्णांच्या मेंदूत रोपल्या गेल्या. अकरा ते सोळा वर्षांनी मृत्यू पावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत, वयाने कोवळ्या असलेल्या त्या रोपित पेशींपैकी काहींमध्ये लुई बॉडी आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुसंख्य पेशी मात्र ठीक होत्या. आता मूळ पेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, डोपामीन पेशी बनवता येतात. २०२५ मध्ये क्योटो विद्यापीठातील सात रुग्णांच्या आणि उत्तर अमेरिकेतील बारा रुग्णांच्या अशा चाचण्यांचे पहिले निकाल आले. त्यांत सुरक्षिततेबाबत मोठी अडचण दिसली नाही. इथे वाचकाच्या मनात सरळ प्रश्न येईल: रोपायच्याच आहेत, तर टिकाऊ व्हीटीए-जातीच्याच पेशी का रोपू नयेत? प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याचे उत्तर दिलेले आहे. स्ट्रायटममध्ये दाट जाळे विणून हालचाल परत मिळवून देतात त्या काळ्या पट्टीच्या जातीच्याच पेशी. व्हीटीए-जातीच्या पेशींचे तंतू दुसरीकडे, मेंदूच्या पुढच्या भागाकडे ओढ घेतात. जो गुण पेशीला नाजूक करतो, त्याच गुणासाठी ती हवी असते. त्यामुळे शल्यविशारद रोपण करतात ते काळ्या पट्टीत नव्हे, तर थेट स्ट्रायटममधल्या पुटामेन या भागात; प्रौढ मेंदूत तंतूला तेवढे लांब अंतर कापून जाता येत नाही, म्हणून डीपीच शेताच्या बांधावर आणून बसवली जाते.